विष्ठेचं वय

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड-शिवापूर मागे पडलं, की भोर तालुक्यातलं शिवरे गाव लागतं. महामार्गालगतच्या अशा गावांमध्ये हल्ली दोन तऱ्हेची कुत्री दिसतात. एक गावातली मोकळी कुत्री. ती ढाब्यामागच्या उकिरड्यावर, गोठ्याच्या कडेला, बांधावर मिळेल ते खाऊन जगतात. दुसरी नव्या बंगल्यांच्या फाटकाआडची, साखळीला बांधलेली, पिशवीतलं विकतचं खाद्य खाणारी. या दुसऱ्या कुत्र्याने कधी स्वतःची विष्ठा खाल्ली, तर घरात केवढा गहजब होतो! कुत्र्याला मार बसतो, डॉक्टरांना फोन जातो, खाद्यावर तिखट शिंपडून बघितलं जातं. गावातल्या मोकळ्या कुत्र्याने तेच केलं तर कुणी वळूनही बघत नाही.

एकाच सवयीकडे पाहण्याच्या या दोन नजरा आहेत. ही सवय आहे तरी काय, ती मोडता येते का, याचा शोध बरीच वर्षं चालू आहे. त्या शोधात ससे आहेत, उंदीर आहेत, जंत आहेत आणि पुणे जिल्ह्यातलं देहू गावही आहे. विषय काढला की वर्गात हशा पिकणार हे नक्की. पिकू द्यावा. हसू ओसरल्यावर मुलं जे प्रश्न विचारतात ते सहसा चांगले असतात.

विष्ठा खाण्याला शास्त्रीय भाषेत 'कॉप्रोफॅजी' म्हणतात. ग्रीक भाषेत 'कॉप्रोस' म्हणजे शेण किंवा विष्ठा आणि 'फॅजीन' म्हणजे खाणं. प्राणिजगतात ही गोष्ट मुळीच दुर्मीळ नाही. शेणकिड्यांचा तर संसारच शेणावर चालतो. पण स्वतःचीच विष्ठा खाण्यामागे काही शहाणपण असू शकतं, हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं ते सशाने.

1882 मध्ये मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने असं नोंदवलं, की ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक आपल्याला पिंजऱ्यात दिसतात त्या कोरड्या, कडक. दुसऱ्या मऊ, ओलसर, बुळबुळीत आवरणाच्या. या दुसऱ्या लेंड्या आपल्याला दिसत नाहीत, कारण ससा त्या गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट गिळून टाकतो. मोरोच्या या निरीक्षणाकडे पुढे जवळजवळ अर्धं शतक कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. 1940 च्या आसपास इतर संशोधकांना तीच गोष्ट पुन्हा दिसली आणि मग तिचा अर्थ लागत गेला.

गवत पचवणं अवघड काम आहे. गाय-म्हैस ते पोटाच्या कप्प्यात जीवाणूंकडून आंबवून घेते आणि रवंथ करते. सशाचं आंबवण्याचं भांडं मात्र चुकीच्या टोकाला आहे. ते लहान आतड्याच्या पुढे, अंधांत्रात असतं. जीवाणूंनी तिथे प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार केली, तरी ती शोषून घेणारं लहान आतडं मागे पडलेलं असतं. मग उपाय एकच. माल बाहेर काढायचा आणि पुन्हा पहिल्या दारातून आत न्यायचा. गाय घास पुन्हा चघळते, ससा तो पुन्हा गिळतो. 'रवंथ' शिकवताना या दोन युक्त्या शेजारी शेजारी मांडल्या, तर पचनसंस्थेची आकृती मुलांना पाठ करावी लागणार नाही.

उंदरांनी शास्त्रज्ञांना फार छळलं. जीवनसत्त्वांचे शोध लागत होते त्या काळात प्रयोग साधा असे. उंदरांना एखादा घटक वगळलेलं अन्न द्यायचं आणि ते खंगतात का ते बघायचं. पण काही उंदीर खंगायला तयारच नसत. 1920 च्या दशकात डेन्मार्कमध्ये फ्रिडेरिशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे उंदीर भेटले. ब जीवनसत्त्व नसलेलं, कच्चा पिष्टमय पदार्थ भरपूर असलेलं अन्न खाऊन खालावत चाललेले काही उंदीर अचानक सुधारून वाढायला लागले. त्यांची विष्ठा पांढुरकी आणि फुगीर झाली होती. ती थोडीशी दुसऱ्या आजारी उंदरांना खाऊ घातली, की तेही सुधारत. न पचलेल्या पिठावर आतड्यातले जीवाणू पोसले जात होते आणि ते जीवनसत्त्व तयार करत होते. उंदीर ते विष्ठेतून परत मिळवत होता.

यावर तोडगा म्हणून पिंजऱ्याला तळाशी जाळी बसवण्याची पद्धत पडली. लेंडी खाली पडेल, उंदराला सापडणार नाही, असा हिशोब. 1950 च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड बार्न्स यांनी हा हिशोब तपासला. त्यांनी उंदराच्या शेपटीच्या मुळाशी एक छोटा पेला बसवला. सगळी विष्ठा त्यात जमा होई. मग लक्षात आलं, की जाळीच्या पिंजऱ्यातसुद्धा उंदीर आपली निम्म्याहून अधिक विष्ठा खातच होते. खाली पडायच्या आतच ते ती तोंडात घेत. प्राण्याला विष्ठा खाण्यापासून थांबवणं किती कठीण आहे, याचा हा बहुधा पहिला काटेकोर पुरावा.

माणसाचं काय? ब-12 हे जीवनसत्त्व 1948 मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं केलं गेलं. ते ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते फक्त जीवाणूंनाच जमतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही ते बनवतात. पण शोषणाची जागा लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे त्याच्या अलीकडे. आपलीही अडचण सशाचीच आहे, फक्त सशाचा उपाय आपण करत नाही. 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये शीला कॅलेंडर यांनी एक धीट प्रयोग केला. त्याची हकिकत व्हिक्टर हर्बर्ट यांनी 1988 मध्ये लिहिली. दूधही न घेणाऱ्या, ब-12 च्या अभावाने पांडुरोग झालेल्या काही स्वयंसेवकांच्या विष्ठेचा पाण्यात अर्क काढून तो त्यांनाच दिला. पांडुरोग बरा झाला. आपल्याकडे हा विषय केवळ गमतीचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे शहर, झोपडपट्टी आणि आसपासच्या ग्रामीण भागातल्या 441 निरोगी पुरुषांची तपासणी केली. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 67 टक्के पुरुषांमध्ये ब-12 कमी आढळलं.

ससे आणि उंदरांचा हा इतिहास माहीत असलेल्या पशुवैद्यांनी कुत्र्याबाबतही तोच अंदाज बांधला, यात नवल नाही. 'कशाची तरी कमतरता असणार!' मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या आल्या, पाचक विकरांच्या पुड्या आल्या, विष्ठेची चव बिघडवणारी औषधं आली. घरगुती उपायांत अननस आला, भोपळा आला, मिरची आली. (अननस खाल्ल्यावर बाहेर पडताना तो कडू लागतो हे कुणी चाखून ठरवलं, असा प्रश्न एखादा विद्यार्थी हमखास विचारेल. प्रश्न रास्त आहे.) काही कुत्र्यांच्या बाबतीत कमतरतेचा अंदाज खराही असतो. स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसे येत नसतील, आतड्यातून शोषण नीट होत नसेल, मधुमेह असेल किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील, तर कुत्रं सतत भुकेलं राहतं आणि समोर येईल ते खातं. पण धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या कुत्र्यांचं काय?

हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट यांनी हाती घेतला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रं पाळणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांकडून दोन पाहण्यांमधून माहिती मिळवली. 2018 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले गेले. साधारण सहांतलं एक कुत्रं वारंवार विष्ठा खाताना दिसलं होतं. या कुत्र्यांचं वय, त्यांचा आहार, त्यांना लहानपणी शी-शूची शिस्त कशी लावली, यांपैकी कशाचाच सवयीशी संबंध लागला नाही. ही कुत्री खादाड असतात, आणि घरात एकाहून जास्त कुत्री असली तर सवय जास्त आढळते, एवढं दिसलं. बाजारात मिळणाऱ्या अकरा औषधांचा हिशोब मांडला, तेव्हा मालकांच्या मते यश आलं होतं शंभरात शून्य ते दोन कुत्र्यांमध्ये. शिक्षा करण्याचाही म्हणण्यासारखा उपयोग झाला नव्हता.

या सगळ्यात एक बारीक गोष्ट होती आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. कुत्र्यांनी खाल्लेली विष्ठा बहुतेक वेळा ताजी होती. दोन दिवसांहून जुनी नव्हती.

दोन दिवस का? इथे जंतांचा इतिहास उपयोगी पडतो. अंकुशकृमी माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत नीट उलगडलेलं नव्हतं. तो तोंडावाटेच जात असणार, असा समज होता. आर्थर लूस हे जर्मन संशोधक कैरोत यावर काम करत होते. प्राण्यांना अळ्या पाजताना अळ्यांच्या पाण्याचा एक थेंब त्यांच्या हातावर सांडला. त्या जागी खाज सुटली, लाली आली. काही आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. अळ्या कातडीतून शिरतात, हे 1898 मध्ये जगाला कळलं आणि अनवाणी पायांचा व रक्तक्षयाचा संबंध जुळला. पण या गोष्टीचा दुसरा भाग शिकवताना आपण बहुधा गाळतो. विष्ठेतून पडलेलं अंडं लगेच काहीच करू शकत नाही. त्यातून अळी बाहेर यायला आणि ती शरीरात शिरण्याजोगी व्हायला काही दिवस जावे लागतात. गोल जंतांच्या अंड्याला तर दोन ते चार आठवडे लागतात. जपानच्या कोइनो यांनी 1922 मध्ये अशी पक्व झालेली दोन हजार अंडी स्वतः गिळली आणि पुढे त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. विष्ठेत नुकतीच पडलेली, कच्ची अंडी गिळली असती तर असं काही झालं नसतं.

म्हणजे या जंतांच्या दृष्टीने विष्ठेला वय असतं. ताजी विष्ठा बिनधोक, शिळी धोक्याची.

हार्ट यांचा तर्क यावरच उभा आहे. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो शक्यतो गुहेपासून लांब शौच करतो. पण एखादा आजारी किंवा लंगडा लांडगा गुहेजवळच घाण करतो. ती तशीच राहिली, तर काही दिवसांत तिथली माती अळ्यांनी भरून जाईल आणि कळपातली पिल्लं आजारी पडतील. ताजी असतानाच ती कुणी खाऊन टाकली, तर गुहा स्वच्छ राहील. हा तर्कच आहे, कुणी लांडग्यांच्या गुहेत बसून सिद्ध केलेली गोष्ट नव्हे. पण कुत्रीला व्यालेली असताना पाहिलं असेल, तर तो पटण्याजोगा वाटतो. पिल्लं पहिले काही आठवडे स्वतः होऊन शीसुद्धा करू शकत नाहीत. आई त्यांना चाटते तेव्हा ती होते आणि आई ती खाऊन टाकते. त्या कुत्रीला कुणी वाईट चालीची म्हणत नाही.

आता गावातल्या कुत्र्याकडे वळू. त्याच्या वाट्याला केवळ कुत्र्याचीच विष्ठा येत नाही. गावाबाहेर गोदरी होती तोवर पहाटे टमरेल घेऊन जाणाऱ्या माणसामागे कुत्रंही जात असे. कुत्र्याचा माणसाशी संबंध जुळला, तो माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर आणि घाणीवर, असं अनेक अभ्यासक मानतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक आहेत. भाकरीच्या तुकड्यावर जगायची ही तयारी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक यांनी कुत्री आणि खोकड काय खातात याची तुलना केली, तेव्हा कुत्र्यांचं पोट मुख्यतः माणसाकडून आलेल्या अन्नावरच भरत असल्याचं दिसलं. झिंबाब्वेच्या खेड्यांमधल्या कुत्र्यांच्या आहारात तर मानवी विष्ठेचा वाटा चांगलाच मोठा आढळला. हा अभ्यास 2002 चा आहे.

यावरून 'कुत्री गाव साफ ठेवतात' असं म्हणायचा मोह होतो. जुनी माणसं तसं म्हणतही. पण 2002 मध्येच आसामातल्या चहामळ्यांच्या वस्तीत केलेल्या एका अभ्यासाने त्याला उत्तर दिलं. तिथल्या बऱ्याच कुत्र्यांच्या विष्ठेत माणसाच्या जंतांची अंडी सापडली, आणि ती जिवंत होती. कुत्र्याला त्यांची बाधा होत नव्हती. अंडी त्याच्या आतड्यातून नुसती प्रवास करून बाहेर पडत होती. गोदरीत खाल्लेली विष्ठा कुत्रं शाळेच्या पटांगणावर, अंगणात, खळ्यात आणून टाकतं. तिथे अंड्यांना पक्व व्हायला हवे तेवढे आठवडे मिळतात. लांडग्याच्या गुहेत जी सवय कदाचित उपयोगाची होती, ती माणसाच्या गावात जंतांची वाहतूक करते. कुत्र्याचे स्वतःचे गोल जंतही असतात. त्यांची अंडी मातीत पिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. क्वचित त्यांच्या अळ्या मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचतात आणि दृष्टी अधू होते.

मग गावातल्या कुत्र्याला थांबवायचं कसं? याचं उत्तर कुत्र्यांच्या डॉक्टरांकडून आलं नाही. ते संडास बांधणाऱ्यांकडून आलं.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात सांगताना अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव घ्यावं लागतं. 1894 मध्ये जन्मलेल्या या 'कोकणच्या गांधीं'नी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या, अशी मागणी केली होती. ती नाकारली गेली, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर 1932 मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपवास केला. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पांनी कमी खर्चाचे, विष्ठेचं खत करणारे संडास करून दाखवले. मैला डोक्यावर वाहण्याची पाळी कुणावरच येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

तोच धागा देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी पकडला. 1960 च्या सुमारास ते सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून देहूला आले. तुकारामांच्या या गावात तेव्हा घरोघरी संडास नव्हते आणि दवाखान्यात जुलाब-जंतांचे रुग्ण होते. त्यांनी बांधायला लावलेले सुरुवातीचे संडास पावसाळ्यात खचले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असतं तरी चाललं असतं, पण ते आराखडा बदलत राहिले. पुढची काही दशकं त्यांनी याच कामाला दिली आणि संडासाला गोबरगॅस जोडण्याचं तंत्रही रुजवलं. देहूतल्या त्यांच्या संस्थेला त्यांनी अप्पा पटवर्धनांचंच नाव दिलं. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुढचा इतिहास आपण पाहिलेलाच आहे. 2000 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियान आलं, आणि 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर करण्यात आलं. जाहीर होणं आणि होणं यांत अंतर असतं, हे शाळेमागचा ओढा ओलांडून रोज येणाऱ्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

बंगल्यातल्या कुत्र्यालाही हेच तत्त्व लागू आहे. पोटभर खाणारं कुत्रं मोठेपणी अचानक विष्ठा खाऊ लागलं, वजन उतरू लागलं, तर पशुवैद्याकडे नेऊन तपासून घ्यावं. जंतांचं औषध वेळेवर द्यावं. कुत्र्याला मोकळं सोडण्याऐवजी पट्ट्याने फिरवावं, त्याने शी केली की हाक मारून जवळ बोलवावं, काही आवडीचं खायला द्यावं, आणि शी तेव्हाच उचलून टाकावी. नाक घासून किंवा छडी मारून कुत्रं एवढंच शिकतं, की मालक येण्याआधी घाईने उरकायचं. उचलण्याला पर्याय नाही. जी वस्तू समोरच नाही ती खाता येत नाही.

दोन शोषखड्ड्यांचा संडास वयाचा हिशोब उलट बाजूने करतो. एक खड्डा भरला, की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा किमान वर्ष-दीड वर्ष उघडायचा नाही. इतक्या काळात त्यातले रोगजंतू नष्ट होतात आणि जंतांची अंडीही जवळजवळ सगळी मरतात. उघडल्यावर निघतं ते चहाच्या भुकटीसारखं काळसर, कोरडं, वास नसलेलं खत. ते ओंजळीत घेता येतं. त्यात खाण्याजोगं काही उरलेलं नसल्यामुळे कुत्रंही तिकडे फिरकत नाही.